एक गाव पुढे

आमच्या मधल्या मामांनी उभ्या बीड जिल्ह्याला खेळाला धाडलं आणि स्वतः जन्मात एकही खेळ पाहिला नाही. भाचा आहे म्हणून मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल, तर गेवराई तालुक्यातला साठीच्या पुढचा कुणीही माणूस धरा आणि विचारा. तंबूतल्या जादूगाराचं नाव त्याला आठवणार नाही, पण उमापूरचा पेंटर म्हटलं की तो हातातली तंबाखू मळायची थांबवेल. जादूगार गावाला दिसायचा दीड तास, आणि मामांनी भिंतीवर चिकटवलेला त्याचा मुखडा दिसायचा पुढच्या जत्रेपर्यंत.

मामा एका फिरत्या तंबू कंपनीची पोस्टरं लावायचे. कंपनीत जादू, नकला, तारेवर सायकल चालवणारी एक बाई आणि शेवटी पुन्हा जादू, असा सगळा मिळून दीड तासाचा ऐवज असे. पोस्टरं सोलापूरहून छापून गठ्ठ्यानं यायची. वर चित्र तयार, आणि खाली वीतभर कोरी पांढरी पट्टी. गाव कुठलं, वार कुठला, वेळ काय, हे त्या पट्टीत लाल रंगानं भरायचं काम मामांचं, म्हणून ते पेंटर. पट्टी भरायची, भिंतीला खळ लावून पोस्टर चिकटवायचं, आणि खळीची बादली सायकलीला अडकवून पुढचं गाव गाठायचं. कंपनीचा तंबू उमापुरात उभा राहिला की मामा चकलांब्यात असायचे, आणि तंबू चकलांब्याला आला की मामा त्याच्याही पुढच्या गावात. "कंपनी माझ्या मागं आन मी कंपनीच्या म्होरं," ते सांगायचे. "आमची गाठ फकस्त गठ्ठ्यापुरती." अशी चांगली तीसेक वर्षं गेली. खेळ सुरू झाल्याची घंटा म्हणून काही असते, हे मामांना ऐकून माहीत होतं.

ही एक गाव पुढे असण्याची खोड त्यांच्या हाडीमाशी इतकी मुरली, की कंपनी बंद पडली तरी ती गेली नाही. माझ्या लग्नाला मामा आठ दिवस आधी आले. दारावर गणपती काढला, भिंतीवर आमची दोघांची नावं सावलीच्या अक्षरांत अशी काढली की माझ्या सासऱ्यांनी आधी अक्षरांना हात जोडले आणि मग आम्हाला. आणि लग्नाच्या दिवशी सकाळी मामा गायब. आता, लग्नात मामानं पाठीशी उभं राहायचं असतं. ऐनवेळी माझ्या पाठीशी शेजारचे एक गृहस्थ उभे केले. अल्बममध्ये ते प्रत्येक पानावर आहेत, आणि त्यांचं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. पुढे मी मामांवर चिडलो, तर ते शांतपणे म्हणाले, "लगीन लागलं का न्हाई? मग. आपून पोस्टर लावलं की खेळ हुतोच. तितं उभं कशाला ऱ्हायाचं?"

तसं ते लग्न जमवलंही मामांनीच म्हणायला हरकत नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि मामा बाहेरच्या भिंतीवर तळहात फिरवत होते. बैल विकत घेणारा जसा वशिंडावरून हात फिरवतो, तसा. परत येताना आईनं विचारलं, "दादा, कशी वाटली?" मामा म्हणाले, "लई चांगली हाय. रस्त्याच्या अंगाला, ऊन मागनं, गिलावा सपाट. हो म्हनून टाका." जिल्ह्यातल्या सगळ्या भिंती त्यांना पाठ होत्या. मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका ढाब्याची भिंत होती, तिच्यावर तर त्यांचा जीवच होता. एसटीतून जाताना ते तिला खिडकीतून बघून मान हलवायचे, आणि ढाबेवाल्यानं ती पाडून शटर बसवलं तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. कोरी जागा दिसली की मात्र त्यांना राहवत नसे. लग्नपत्रिकेवर नाव लिहायला सोडलेली ओळ, बँकेची स्लिप, रेशनचा अर्ज, सगळं ते सावली देऊन भरत. एका साहेबानं त्यांचा अर्ज पुढे पाठवायचं सोडून टेबलाच्या काचेखाली ठेवून घेतला, आणि मामांचं काम तीन महिने अडलं. मामांना त्याचं दुःख सोडाच, भेटेल त्याला ते तो अर्ज बघून यायला सांगत होते.

त्यांचं खरं वैर होतं शेरडांशी. खळ गव्हाच्या पिठाची, आणि आमच्याकडं घरटी चार शेरडं. पोस्टर वाळायच्या आत खालून चाटून साफ. मामा खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घालायचे, तरी एकदा चकलांब्यात एका बोकडानं पट्टीवरचा नेमका वारच खाल्ला. खेळ कधी आहे कळेना, म्हणून गाव तीन दिवस रोज मैदानावर येऊन बसलं. चौथ्या दिवशी कंपनी आली, तर आधीच जागा धरलेल्या. ही गोष्ट मामा अभिमानानं सांगायचे. "आजवर म्या पट्टीत तारीख लिव्हली आन कंपनी आली न्हाई, असं कदी झालं न्हाई." हे त्यांच्या आयुष्याचं सार होतं. माणसं देवावर विश्वास ठेवतात, मामांचा विश्वास पट्टीवर.

चकलांब्याचीच मामी. आणि गंमत अशी की मामीनं तो खेळ पाहिलेला होता. लग्नाच्या आधी, परकरात असताना, सोनाबाई नावाच्या मैत्रिणीबरोबर. पोस्टर मामांनीच लावलेलं, आणि खेळाच्या दिवशी मामा अर्थातच पुढच्या गावात. पुढे मामी लग्न होऊन उमापूरला आली, सोनाबाईही उमापुरातच दिली, आणि मामांच्या घरात एक प्रश्न कायमचा राहायला आला. मामी चुलीपुढे बसून सांगायची. सगळं हातवाऱ्यांसकट. जादूगार कसा येतो, त्याच्या दोन्ही खांद्यांवर दोन लाल भुतं बसून कानात कशी कुजबुजतात, सायकलवाली बाई तारेवर कशी डुलते. मग शेवटचा खेळ. "हिरव्या लुगड्यातली बाई खुर्चीवर बसती. जादूगार वरनं चादर टाकतो. एक म्हनतो, दोन म्हनतो, तीन म्हनतो. चादर उचलली, तर खुर्ची मोकळी." इथे मामी भाकरी उलटायची.

"मग?" मामा विचारायचे.

"मग काय? निघती की ती बाई."

"कुठनं निघती?"

"तिकीट काढून बगायचं हुतं," मामी म्हणायची आणि त्यांच्या ताटात भाकरी टाकायची.

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. रुसून झालं, ओरडून झालं, एकदा मामांनी पैठणचं लुगडं आणून दिलं, मामीनं ते नेसलं आणि पुन्हा खुर्चीपर्यंत येऊन थांबली. मामा सोनाबाईकडेही जाऊन आले. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "शपत घातलीय हिनं मला." एकदा मीच मामीला म्हटलं, अगं सांगून टाक की बिचाऱ्यांना. तिनं मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "सगळं सांगितलं तर ते मला कशाला इचारतेल रं?"

पुढे फ्लेक्स आले. कंपनी त्याआधीच मोडली होती, पण मामांचा राग फ्लेक्सवर. मांजरसुंब्याला वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली उभे राहून ते म्हणायचे, "तोंडं बग केवढाली हायत. पन खेळ कुठं हाय, किती वाजता हाय, काय बी लिव्हलेलं न्हाई. आन पट्टीच न्हाई बे. सगळं आदीच भरलेलं. मानसानं करायचं काय?" त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना एक मोबाईल दिला, आणि अमेरिकेतल्या एका मोठ्या ग्रंथालयानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची नाटकांची, जादूची आणि साबण-गोळ्यांची पोस्टरं कुणालाही फुकट बघायला ठेवली आहेत, ती उघडून दिली. ही माझ्या हातून झालेली एक मोठी चूक. त्यानंतर वर्षभर मला दिवसाला पाच फोन.

इंग्रजी मामांना येत नव्हतं, पण अक्षरं कळत होती. "ह्या एसचं पोट सुटलंय, लिव्हनारा जेवून बसला असंल," असं ते छातीठोक सांगायचे. रुळाला बांधलेला माणूस आणि धडाडत येणारी आगगाडी, स्टेजवर धावणारे खरे घोडे, वादळात फुटणारं जहाज, सगळ्यांना त्यांनी मराठी नावं दिली. केसांच्या तेलाच्या जाहिरातीतल्या बाईचे केस घोट्यापर्यंत होते. ते चित्र त्यांनी मामीला दाखवलं, तर मामी म्हणाली, "हिची येनी घालायला घरात तीन बाया लागत असतेल." ही चित्रं दगडावर काढून छापायचे असं मी एकदा बोलून गेलो. पुढच्या रविवारी गेलो, तर मोरीतली शहाबादी फरशी उखडलेली, आणि मामा अंगणात तिच्यावर मेणबत्तीनं आणि साबणानं वाघ काढत बसलेले. शाई फासून कागद दाबला. वाघ काही उमटला नाही, पण मामांचं धोतर, दोन शेरडं आणि तुळशीचा कट्टा काळा झाला. मामी फक्त एवढंच म्हणाली, "अमेरिका आंगनात करा. मोरीत मला आंगूळ करायची असती."

आणि मग एके दिवशी त्यांना ते पोस्टर सापडलं. जादूगार, अगदी कंपनीच्या पोस्टरावरचाच, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर कानात कुजबुजणारी दोन लाल भुतं. मामांनी लगेच फोन लावला. "आपलं हाय बे हे. अमेरिकेनं आपलं चोरलं." मी म्हटलं, मामा, त्यांचं कितीतरी जुनं आहे. ते म्हणाले, "मग आपल्या मालकानं चोरलं असंल. चोरी कुनाची का असंना, हात चांगला हाय." पण खरी गंमत चित्राच्या खाली होती. तिथे कोरी पट्टी. तिकडेही छापखान्यातून पोस्टरं अशीच यायची, आणि गावाचं नाव नि तारीख नंतर भरायची, एवढं मी वाचून त्यांना सांगितलं. पोस्टरं चिकटवणारी माणसं खेळाच्या आधी पुढच्या गावाला निघून जायची, हेही सांगितलं. मामा म्हणाले, "म्हंजी त्यानंबी खेळ बगितला नसंल." त्या दिवसापासून अमेरिकेत त्यांचा एक माणूस झाला. ना नाव, ना तोंड. "तिकडचा आपला" म्हणायचे त्याला. एकदा मला विचारलं, "त्याची बायकू बगत आसंल का रं खेळ? आन त्याला सांगत आसंल का?"

दोन वर्षांमागं मामी गेली. चार दिवसांचा ताप, निमित्त तेवढंच. चौथ्या दिवशी तिनं भावाला बघायचं म्हटलं, म्हणून मामा त्याला आणायला चकलांब्याला गेले होते. परत आले तेव्हा मामीनं डोळे मिटलेले होते. मामा उंबऱ्यात उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "ह्याबी वक्ताला मी म्होरंच." त्यानंतर ते कुणाशी फारसं बोलेनात. मोबाईल कोनाड्यात पडून राहिला.

मला काय करावं सुचेना. शेवटी मी ते लाल भुतांचं पोस्टर बीडला मोठ्या कागदावर छापून घेतलं, तीन प्रती, आणि त्यांना नेऊन दिलं. फ्लेक्सवर नाही, खऱ्या कागदावर. मामांनी कागदाची कड बोटांत धरून बघितली. त्यातलं एक खाटेसमोरच्या भिंतीवर लावलं आणि रोज त्याच्याकडं बघत पडून राहायचे. सहा महिन्यांनी एकदा मी गेलो, तेव्हा म्हणाले, "पट्टी मोकळी हाय भाच्या." मी म्हटलं, असू द्या. ते म्हणाले, "तसं चालत न्हाई."

चैत्रात, मामीच्या वर्षश्राद्धानंतरच्या एका रविवारी, मी सहज उमापूरला गेलो, तर स्टँडच्या भिंतीवर तेच पोस्टर. अमेरिकेचा जादूगार, दोन लाल भुतं, आणि खाली मामांच्या सावलीच्या अक्षरांत: उमापूर. रविवार, दुपारी चार. शाळेमागचं मैदान. एकच खेळ. मैदानावर गेलो, तर गाव लोटलेलं. ऊसतोडीहून परत आलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या, म्हातारी माणसं, पोरंटोरं, शेरडं राखणारे शेरडांसकट. पुढे सोनाबाई पोतं अंथरून बसलेली. सगळी माणसं रिकाम्या मैदानाकडं तोंड करून निवांत वाट बघत होती. आणि मामा कुठेच नव्हते. मामा कुठे असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मोटारसायकल काढली आणि चकलांब्याला गेलो.

वेशीजवळच्या भिंतीला मामा तिसरी प्रत लावत होते. बादलीत खळ, खळीत कडुनिंब. पट्टीत 'चकलांबा' लिहून झालेलं, वार लिहायचा राहिलेला.

"मामा, उमापुरात लोक जमलेत."

"जमनारच की. पोस्टर मी लावलंय."

"अहो, पण कंपनी कुठंय?"

त्यांनी ब्रश खाली केला. माझ्याकडं बघितलं. इतका वेळ मला वाटत होतं की म्हातारपणी मामा गावाची थट्टा करतायत. त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि कळलं की थट्टा वगैरे काही नव्हतं.

"आली न्हाई?" मामांनी विचारलं.

त्यांनी खळीचा हात धोतराला पुसला आणि माझ्या मागे बसले. सगळ्या रस्त्यात फक्त एकदा म्हणाले, "तारीख लिव्हली हुती रं म्या." मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकं वाईटही वाटत होतं, की गाडी कुठून कशी चालवली ते मला आठवत नाही.

मैदानावर पोचलो तेव्हा लोक कंटाळायला लागले होते. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पेंटर, कुठंय तुमचा जादूगार? का त्यालाबी बोकडानं खाल्लं?" गाव हसलं. मामा गर्दीपुढं जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते खेळाच्या वेळेला खेळाच्या जागी होते. मग त्यांनी दोन्ही हात खांद्यांवर नेले, बोटं कानाजवळ वळवळवली आणि म्हणाले, "तर ह्यो जादूगार येतो. आन त्याच्या खांद्यावर दोन लाल भुतं."

आणि त्यांनी सगळा खेळ सांगितला. मामीच्या शब्दांत. मामीच्या हातवाऱ्यांसकट. सायकलवाल्या बाईचं डुलणं त्यांनी कमरेतून करून दाखवलं तेव्हा पोरं लोळायला लागली, आणि मला मात्र चुलीपुढची मामीच दिसत होती, कारण भाकरी उलटायला ती जिथं थांबायची, नेमके तिथं तिथं मामाही थांबत होते. कुणी उठलं नाही. कुणी मोबाईल काढला नाही. शेवटी हिरव्या लुगड्यातली बाई आली, खुर्चीवर बसली. मामांनी खांद्यावरचं उपरणं हवेत पसरलं. एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. उपरणं उचललं. "खुर्ची मोकळी," मामा म्हणाले आणि तिथंच थांबले.

"मग?" एका पोरानं विचारलं. "ती बाई कुठनं निघती?"

मामा उपरण्याची घडी घालत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या हिनं सांगितलं न्हाई."

तेव्हा पोत्यावरची सोनाबाई गुडघ्यांवर हात देऊन उठली. म्हणाली, "शपत घातलेली हुती मला. पन घालनारीच गेली, आता कसली शपत? भाऊ, ती बाई लोकांतनं निघती. मागनं. आपल्यातच येऊन बसलेली असती ती, आन कुनाला ठावंच नसतं. आमच्याच शेजारनं उठली हुती. तुमची ही अशी किंचाळली हुती तवा."

सगळं गाव मागं वळून बघायला लागलं. बायका, पोरं, शेरडंवाले, सगळे. मीही वळलो. मागे शाळेची भिंत आणि उन्हं उतरलेलं मैदान. लोक हसले, टाळ्या वाजल्या, कुणी म्हणालं खेळ झकास झाला, आणि माणसं कपडे झटकत उठली. मामा एकटेच अजून बघत होते. एकेका बाईच्या तोंडाकडं, सावकाश, मैदान मोकळं होईपर्यंत.

घरी येताना मी म्हटलं, "मामा, शेवटी झाला खेळ." ते म्हणाले, "झाला म्हनतेत. पन मला कुठं बगायला भेटला? मी तर म्होरंच हुतो." आणि जरा वेळानं, "आपल्यातच येऊन बसलेली असती म्हनं. एवढीशी गोष्ट. पन्नास वर्सं लावली बग तिनं."

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. मामा आदल्या दिवशी आले, आणि मी मनातून त्यांच्या जाण्याची तयारी करून ठेवली होती. पण ते गेले नाहीत. अक्षता झाल्या, जेवणं झाली, पाठवणी झाली, मांडवाचे बांबू सुटायला लागले तरी मामा पुढच्या रांगेत बसून होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली होती. कुणी बसायला आलं की "मानूस येनार हाय" म्हणायचे, आणि अधूनमधून मागं वळून बघायचे.